स्वभावाने गोड

४ मार्च, सोमवार

प्रिय टाचणी,

पाकीट फाडून फेकायच्या आधी एवढं वाच. तुझे बाबा आमच्या वॉर्डात भरती आहेत. पायाची जखम चिघळून सूज आली होती, सलाईनमधून औषध चालू आहे, सूज उतरतेय. घाबरण्यासारखं काही नाही. तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय, तुझी परीक्षा म्हणून. फोनवर त्यांनी तुला 'जरा कणकण आहे' एवढंच सांगितलंय, तेही मला माहीत आहे. आता फाडायचं तर फाड.

फोन तू माझ्यापुरता बंद केलास म्हणून हे पत्र. हॉस्टेलचा पत्ता तुझ्या त्या चष्मेवाल्या मैत्रिणीकडून काढला. तिच्यावर डाफरू नकोस, बिचारीचं डोकं खाल्लं मी.

हो, कॉलेज सोडलं. सरांची कॉलर धरली म्हणून माफीनामा लिहून दे म्हणाले, मी नाही दिला. विषय संपला. आता मी वॉर्डबॉय आहे. स्ट्रेचर ढकलतो, ऑक्सिजनचे सिलिंडर बदलतो, ज्यांना स्वतःहून कुशीवर वळता येत नाही त्यांना वळवतो. हसू नकोस.

तर तुझे बाबा. त्यांनी मला शेवटचं पाहिलं ते तुमच्या दारात. 'तुझ्यासारख्या उंडग्याला मी माझ्या छापखान्यातली रद्दीसुद्धा उचलू देणार नाही.' जिन्यातल्या सगळ्या दारांतून माणसं डोकावत होती. त्यामुळे सहा नंबरच्या खाटेवर ते दिसले तसा मी मास्क वर ओढला आणि पाठमोरा झालो. तर मागून आवाज आला, "बाळा, ये की. दमला असशील. बस जरा."

मी वळून बघितलं, बाळ कोण आहे म्हणून. मीच होतो.

"ओळखलंत मला?" मी विचारलं.

"न ओळखायला काय झालं? आमच्या पोरीचा तू."

आमच्या पोरीचा तू! टाचणी, माझ्या हातात बेडपॅन होतं, तेही रिकामं नव्हतं. पडलं असतं तर काय ओढवलं असतं याची कल्पना कर. पण मी त्या क्षणी ते डोक्यावर घेऊन नाचलो असतो.

इथल्या कामाची एक गंमत सांगतो. ड्यूटी बदलताना एका सिस्टरने दुसरीला अख्खा वॉर्ड तोंडी सांगून द्यायचा, त्याला इथे 'ओव्हर' म्हणतात. एक नवी सिस्टर आहे, नुकतीच पास झालेली. ती डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने सांगत जाते. ताप इतका, बीपी इतकं, लघवी इतकी. मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्डाच्या इन्चार्ज, सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "हे कागदावर आहे गं. हा कोण आहे ते सांग."

कोण म्हणजे नाव नाही. कोण म्हणजे आधीचा कोण. फार वर्षांपूर्वी इथे एक शिंपी होता. ताप उतरला होता, हसतबोलत होता, पण बोटांनी चादरीतून न दिसणारे दोरे ओढत बसायचा. रक्तात विष पसरलं होतं त्याच्या, ते कुणाला कळायच्या आत तो गेला. तेव्हापासून चादर चिमटणारा प्रत्येक जण मोठ्या सिस्टरांना 'शिंपी' असतो आणि त्या धावत सुटतात. एक 'सामानवाली' आहे. माझी पिशवी द्या, चपला द्या, मला निघायचंय. श्वास कमी पडायला लागला की काही माणसांना आधी निघून जावंसं वाटतं, धाप मागाहून लागते. असे कितीतरी जण मोठ्या सिस्टरांच्या डोक्यात राहतात. प्रत्येकाची एक अख्खी गोष्ट: तो कसा होता, आधी काय दिसलं, मग काय झालं, काय करायला हवं होतं. बहुतेक सगळे मेलेले. मेलेले म्हणजे थांबलेले नव्हेत, नवनवी अंगं घेऊन येतात. "आज चार नंबरला शिंपी आलाय," असं त्या पावकिलो साखर मागावी तितक्या सहज म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दिवसभर चार नंबरच्या तोंडाकडे बघितलं नाही. डॉक्टरसुद्धा राउंडला आले की आधी विचारतात, "सिस्टर, आज कोण कोण आलंय?"

तुझ्या बाबांपाशी मोठ्या सिस्टर आज जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या.

काळजी करू नकोस. मी आहे.

तुझा (त्यांनी म्हटलंय, मी नाही)


७ मार्च, गुरुवार

प्रिय टाचणी,

तू उत्तर देणार नाहीस हे मी धरूनच चाललोय, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

तुझे बाबा आणि मी आता अगदी दोस्त झालोय. सकाळी त्यांना दाढीचं सामान काढून देतो. परवा त्यांनी दाढी केली, आरशात बघून खूश झाले, मला म्हणाले, "कशी गुळगुळीत झाली बघ." उजवा गाल गुळगुळीत होता. डावा गाल तसाच, पांढऱ्या खुंटांचा. फेससुद्धा न लावलेला. मला वाटलं थट्टा करतायत. मी हसलो, तेही हसले. मग मी उरलेली दाढी करून दिली. त्यांनी मान वर करून गळा माझ्यापुढे धरला, टाचणी. तुझ्या बाबांनी, माझ्या हातात वस्तरा असताना! आता रोज मीच करतो. सिस्टर फिरकायच्या आधी उरकून टाकतो.

जेवणाचंही तसंच. ताटातला उजवा अर्धा भाग चाटूनपुसून खातात आणि म्हणतात, पोट भरलं, संपलं सगळं. डावीकडचं तसंच पडलेलं. मी ताट फिरवून ठेवतो. मग म्हणतात, "अरे वा, अजून वाढलंस?" आणि पुन्हा अर्धंच खातात. उरलेलं मी माझ्या डब्यात टाकतो, ताट स्वच्छ जातं. म्हातारपणी माणूस असा लहान मुलासारखा होतो म्हणे.

आता खरी बातमी. तू इथे येतेस.

खाटेच्या डाव्या बाजूला, खिडकीखाली, एक लोखंडी खुर्ची आहे. भेटायला येणाऱ्यांची. दुपारी वॉर्ड सामसूम असतो, पडदे ओढलेले, उजेड दुधासारखा पांढरा होऊन फरशीवर सांडलेला. मी सलाईनची बाटली बघत होतो, तर तुझे बाबा मान न वळवता म्हणाले, "हळू बोल. ती डोळे मिटून बसलीये."

"कोण?"

"कोण काय विचारतोस? तुझीच ती." आणि डोळ्यांनी खूण केली, पण खुर्चीकडे बघितलं मात्र नाही. तिकडे बघतच नाहीत ते. तू डावीकडे बसतेस आणि ते समोरच्या भिंतीकडे बघून तू काय करतेस ते सांगतात. तुझे केस ओले आहेत. तू बुटांची नाडी सोडलीयेस. आज तू चिडलेली नाहीस.

मला भीती वाटायला हवी होती, नाही? खरं सांगू, नाही वाटली. मी खाटेला वळसा घालून गेलो आणि त्या खुर्चीच्या बाजूला उभा राहिलो, तुझ्या बाजूला जसा उभा राहिलो असतो तसा. झाडूवाल्या मावशी खुर्ची बाजूला सारायला आल्या तर मी त्यांच्यावर खेकसलो. "काय रे, तिथे काय तुझी बायको बसलीये?" असं म्हणून त्या निघून गेल्या.

काल विचारलं मी बाबांना, ती माझ्याबद्दल काही म्हणते का. ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "नाही. पण तुझं नाव निघालं की हसते."

तू गेल्या वर्षभरात माझ्यासाठी एवढं केलेलं नाहीस.


९ मार्च, शनिवार

टाचणी,

काल मोठ्या सिस्टरांनी मला स्टोअरमध्ये बोलावलं. त्या चादरींच्या घड्या मोजून ठेवत होत्या, तोंडाने माझ्याशी बोलत होत्या.

"सहा नंबर तुझ्या ओळखीचे आहेत म्हणे."

"आहेत."

"तुला मी कोण कोण सांगितलंय? पाहुणा सांगितलाय का?"

नव्हता सांगितला. मग सांगितला. इस्पितळात आलेला माणूस कुरकुरतो. चहा गार आहे, उकडतंय, शेजारचा घोरतो. कुरकुरलाच पाहिजे, तेच तब्येतीचं लक्षण. एखादा मात्र कुणाच्या घरी चार दिवस राहायला आल्यासारखा वागतो. सगळं छान, सगळे चांगले, त्रास कशाला घेता. पहिला पाहुणा एक ट्रक ड्रायव्हर होता, सतत तोंडाचा पट्टा चालवणारा. बायको म्हणाली, आजारपणाने सुधारला हो माझा माणूस. वॉर्डातल्या सगळ्यांनाही बरं वाटलं, एक कटकट कमी.

"मग?"

"मग काय, मेंदूत गाठ होती. आम्ही त्याच्या गोडपणाला भुललो." त्यांनी घडी ठेवली. "नवी सिस्टर मला विचारते, तुम्हाला बघितल्याबरोबर कळतं कसं? बघितल्याबरोबर नाही कळत. बघितल्याबरोबर नुसतं कुणीतरी आठवतं. मग आठवलेल्याशी हा कुठे जुळत नाही ते शोधायचं. जुळतं त्याच्यामागे लागलं की फसायला होतं. आणि सगळ्याच्या आधी एक विचारायचं असतं, हा रोजचा कसा आहे? ते माझ्याकडे नसतं. ते घरच्यांकडे असतं." मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, "ह्यांच्याकडे तर कुणीच येत नाही. तू सांग. रोजचे कसे आहेत?"

मी म्हटलं, "असेच आहेत. स्वभावाने गोड."

"नक्की?"

"लहानपणापासून बघतोय."

"मुलगी आहे ना त्यांना? नंबर आहे तिचा?"

"नाही," मी म्हटलं. तुझा नंबर मला झोपेतून उठवून विचारला तरी येतो.

आता तू म्हणशील, नालायका. थांब. मी काय सांगायला हवं होतं? की हा माणूस रोजच्यासारखा असता तर त्याने मला बघून घंटा वाजवली असती? की 'बाळा' हे लक्षण आहे? पाय सुजावा तसं त्यांच्या तोंडात माझ्याविषयी प्रेम आलंय, औषध दिलं की उतरेल? सगळ्या जगात मला कोणी तुझा म्हटलं असेल तर ते त्यांनी. आणि माणूस बदलू शकत नाही का गं? आजारपणात एकटा पडल्यावर त्याला वाटू शकत नाही, की आपण त्या पोराशी वाईट वागलो?

वाटू शकतं. मी तेच धरून चाललोय.

काल संध्याकाळी ओव्हर चालू असताना मी मुद्दाम जवळपास रेंगाळलो. नवी सिस्टर म्हणाली, "सहा नंबर, पाय सुधारतोय, स्वभावाने गोड." तिच्यानंतरचीने पुढचीला सांगितलं, "सहा नंबर, आधीपासूनच फार गोड माणूस." आज दुपारी तेच माझ्याकडे परत आलं ते असं, "सहा नंबरचे घरचे सांगतात, आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही."

घरचे म्हणजे मी. मी एक शब्द बोललो आणि तो आता माझ्याशिवाय हिंडतोय, रोज जरा मोठा होऊन.


११ मार्च, सोमवार

टाचणी,

घाईत लिहितोय, अक्षर लागलं तर बघ.

सकाळी डॉक्टर म्हणाले, पाय छान आहे, उद्या घरी. तुझे बाबा म्हणाले, "जशी तुमची मर्जी. तुम्ही सगळे किती चांगले आहात." मोठ्या सिस्टर रजेवर होत्या. नव्या सिस्टरने डॉक्टरांना सांगितलं, "मूळ स्वभावच गोड आहे सर." ते मान डोलावून पुढे गेले.

मी त्यांना वर्तमानपत्र दिलं. घरी जायच्या आधी जरा हौस म्हणून. तुला माहीत आहे ना, ते वर्तमानपत्र कसं वाचतात? लाल पेन घेऊन, छापखान्यातली प्रुफं तपासावीत तसं. छापणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. आज त्यांनी पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "दिवस बंद राहणार." खाली, "आल्याने गोंधळ." खाली, "गेल्याचे वृत्त." मग माझ्याकडे बघून गोड हसले. "किती सुंदर छापलंय. एक चूक नाही."

मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. मथळा होता, पाणीपुरवठा दोन दिवस बंद राहणार. प्रत्येक ओळीचा डावा भाग त्यांच्यासाठी नव्हताच. पुसलेला नव्हता, अंधूक नव्हता, नव्हताच. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या माणसाला अर्धं पान गेलेलं दिसत नव्हतं, आणि तो सुखात होता.

मग दाढी आठवली. ताट आठवलं. मीच पूर्ण केलेली दाढी, मीच फिरवलेलं ताट.

तरीही, ऐक, तरीही मी कुणाला हाक मारली नाही. मी काय केलं माहीत आहे? डाव्या बाजूला गेलो. एक शब्द न बोलता त्या खुर्चीवर बसलो. दुपार होती. वॉर्डात सगळे झोपलेले, छताचा पंखा तेवढा किरकिरत होता. मला बघायचं होतं मी दिसतो का. हातभर अंतरावर होतो. त्यांच्या कानातले केस मला दिसत होते.

ते म्हणाले, "आलीस?"

मी खुर्चीतच बसून राहिलो.

"आज सारखं चल चल काय लावलंयस? येतो की." त्यांनी पांघरूण बाजूला केलं. उजवा पाय खाली सोडला. डावा पाय खाटेवरच राहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. "थांब जरा. त्या पोराला सांगून येऊ दे. नाहीतर येडं शोधत बसेल मला."

टाचणी, त्या खुर्चीवर मी होतो. तू म्हणून मी होतो, आणि त्यांना न्यायला तू आली होतीस. म्हणजे मीच आलो होतो. आणि ते निघताना मला विचारायला थांबले होते.

मी ओरडलो. त्यांनी उजवीकडे वळून बघितलं. आवाज डावीकडून आला होता.


१२ मार्च, मंगळवार

टाचणी,

ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. हे पत्र तिथे पोचेल तेव्हा तू इथे असशील. रिकाम्या खोलीत पडून राहील. तरी लिहितो, कारण तुला फोनवर जे ऐकू आलं त्याच्या अलीकडचं तुला माहीत नाही.

काल बाबांना परत खाटेवर निजवलं आणि मी मोठ्या सिस्टरांच्या घरी धावत गेलो. त्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. मी खालूनच बोंबललो, "ते असे नाहीत! ते कधीच असे नव्हते! मी खोटं बोललो!" शेजारच्या बाल्कन्या भरल्या. दारं उघडून माणसं बघायला यावीत असं माझ्या नशिबीच आहे.

मला वाटलं थोबाडीत देतील. त्यांनी पायात चप्पल सरकवेपर्यंत विचारलं, "डावीकडचंच का? जेवताना? दाढी कोण करतं?" मी सांगत गेलो. "खुर्चीवर कोण बसतं?" मी तेही सांगितलं. त्या रिक्षात बसल्या. "रागवायला आत्ता वेळ नाही. नंतर रागावीन, विसरले तर आठवण कर." मग जरा वेळाने स्वतःशीच, "मला ट्रक ड्रायव्हर आठवला होता. तो तर डावं-उजवं सगळं खायचा. तू ताटं स्वच्छ पाठवलीस, म्हणून हे पाहुण्याशी कुठे जुळत नाहीत ते मला दिसलं नाही. आणि हा पाहुणा नव्हेच, हा दुसराच कुणी आहे."

मग नंबर मागितला. मी घडाघडा सांगितला. त्यांनी फक्त भुवई वर केली.

पुढचं तुला माहीत आहे. स्पीकरवर तुझा आवाज आला तेव्हा मी भिंतीला टेकलो. "गोड? माझे बाबा? अहो, त्यांनी माझ्या वाढदिवसाच्या केकवरचा ऱ्हस्व दीर्घ दुरुस्त करून आणला होता!" आणि मग सिस्टरांनी विचारलं पडले होते का, तर तू म्हणालीस, पडले नाहीत, पण मागे छापखान्यातल्या कपाटाचं दार डोक्याला लागलं होतं, टेंगूळ आलं होतं, त्यांनी कपाटालाच शिव्या दिल्या. आणि हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

डॉक्टरांनी ताबडतोब डोक्याचा फोटो काढवला. कवटीच्या आत, उजवीकडे, रक्त साकळून जमा झालेलं. हळूहळू वाढत, मेंदूला दाबत. उजवीकडे दाबलं की डावीकडचं जग जातं, असं त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. "मी पायाकडेच बघत बसलो," असंही म्हणाले. चांगला माणूस आहे. मला त्याचं सांत्वन करता आलं असतं. केलं नाही.

थिएटरमध्ये नेताना स्ट्रेचर मीच ढकललं. तुझ्या बाबांनी माझा हात धरला होता. म्हणाले, "बाळा, तू किती करतोस. लग्नात सूट मी शिवून देणार तुला."

मी तो हात सोडवून घेतला. मला माहीत होतं, दाराच्या आत गेले की हे बोलणारा माणूस परत येणार नाही. आला तर दुसरा येईल. आणि मी दारात उभा राहून तो दुसराच यावा म्हणून तळमळत होतो. स्वतःच्या पायावर असा धोंडा मी आजवर घालून घेतलेला नाही, आणि मी काही कमी घातलेले नाहीत.


२७ मार्च, बुधवार

टाचणी,

तू परत जाऊन आठवडा होत आला. तुझे बाबा आता भिंत धरून चालतात. डोक्याला पट्टी. औषधाच्या खोक्यावरचं शुद्धलेखन तपासतात. आज सकाळी मला बघून म्हणाले, "हा उंडगा अजून इथेच? ह्याला कामं देत नाही का कुणी?" आधीचं काहीही आठवत नाही त्यांना. मी त्यांची दाढी करायचो हे नव्या सिस्टरने सांगितलं तर म्हणाले, "शक्यच नाही. मी त्याच्या हातात चमचा देणार नाही." वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर खाटेभोवती जमून कौतुकाने ऐकत होत्या.

मोठ्या सिस्टरांनी रागावून घेतलं. मीच आठवण केली. ते लिहीत नाही. पण त्यानंतर जे झालं ते लिहितो, कारण ते मला सोडत नाही.

काल ओव्हर चालू होती. दोन नंबरला नवीन बाई आल्यात, मऊ बोलणाऱ्या. मोठ्या सिस्टर नव्या सिस्टरला म्हणाल्या, "बघ हं, प्रुफवाला तर नाही ना. ताट बघ, गाल नाही तर केस बघ कुठल्या बाजूने विंचरलेत. घरच्यांना विचार. आणि घरचे 'अशीच आहे' म्हणाले तर सांगणाऱ्याचं तोंड बघ. त्याला ती तशी असायला हवी आहे का, ते बघ." नव्या सिस्टरने मान हलवली आणि दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं. वाईट नजरेने नाही. चार नंबरकडे बघतात तशा.

प्रुफवाला म्हणजे तुझे बाबा, आणि त्यांच्याबरोबर मीही गेलो सिस्टरांच्या डोक्यात. शिंपी, सामानवाली, पाहुणा यांच्या रांगेत. तुझे बाबा जिवंत आहेत, मी जिवंत आहे, तरी आमचं एक भूत इथे कायमचं राहिलं. मी उद्या नोकरी सोडली तरी वीस वर्षांनी कुणीतरी म्हातारी बाई तिच्या नवऱ्याच्या खाटेपाशी उभी राहून 'असेच आहेत हो' म्हणेल आणि सिस्टर तिच्या तोंडात मला शोधतील.

हे झालं ते झालं. पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही.

तू निघालीस तेव्हा मी जिन्यापर्यंत तुझी बॅग आणली. तू म्हणालीस, "तू होतास म्हणून." मग माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "स्वतःला जप."

टाचणी, या एका शब्दासाठी मी कॉलेजवर पाणी सोडलं असतं. सोडलंच की. आणि तो कानावर पडला तेव्हा मी काय केलं माहीत आहे? मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिलो. दोन्ही गाल सारखे हसतायत का. बॅगेचा पट्टा तू कुठल्या हाताने घेतेस. पायरी चुकते का. तू म्हणालीस, "काय बघतोस असा?" आणि तेही चिडून नाही, हसून! तू कधी माझ्याशी हसून बोललीयेस? तू मला जपायला सांगशील? तू?

रिक्षा वळेपर्यंत मी तिथेच उभा होतो. तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. ती दमली होती, बापाच्या काळजीने हळवी झाली होती, दुसरं काय असणार. किंवा खरंच तुला माझ्याबद्दल काही वाटायला लागलंय. दोन्ही शक्य आहे. पण मी एकदा मला हवं ते धरून चाललो होतो, आता धरवत नाही. आणि रोजची तू कशी आहेस हे ज्याला विचारायचं, असा तुझा माणूस इथे एकच आहे. शेवटी त्यांनाच विचारलं.

"तुमची मुलगी कुणाशी गोड बोलते का हो?"

"कुणाशी?"

"माझ्याशी."

त्यांनी खोक्यावरून नजरसुद्धा काढली नाही. "तुझ्याशी? डोकंबिकं आपटलं असेल तिचं."

थट्टा होती ती. मला कळतं. पण ते हसले नाहीत, आणि मी आजचा डबा उघडलेला नाही.

तिथे तुझ्याजवळ कोणी असेल, ती चष्मेवाली असेल, तर तिला म्हणावं जरा बघ. जेवताना बघ, वाचताना बघ. किंवा मला एक पत्र लिही, कडक, नेहमीसारखं, दोनचार शिव्या घालून. नाहीतर तेही नको. काहीच लिहू नकोस. उत्तर आलं नाही तर मी समजेन, तू बरी आहेस.